आहेरातली कवळी

माझ्या भावजयीला लग्नात बापाकडून आहेर मिळाला तो कवळीचा. सतरा वर्षांची होती डेल्फिया. लग्नाच्या महिनाभर आधी बाप तिला कोळशाच्या खाणीच्या दवाखान्यात घेऊन गेला आणि तोंडातले झाडून सगळे दात उपटवून आणले. त्यातले निम्मे तरी चांगले धडधाकट होते, पण ते कोण बघतंय? पुढे जावयाच्या डोक्याला दातांच्या दुखण्याचा ताप नको, एकदाच काय तो निकाल लावून टाका, असा तेव्हा आमच्या डोंगरात रिवाजच होता. कुणाला लग्नात, कुणाला शाळा संपली म्हणून. आणि लोक वर म्हणायचे, नशीबवान हो पोरगी, बापाने किती विचार केला!

लग्नाच्या जेवणात डुक्कर भाजलेलं होतं, मक्याचा पाव होता, थरांचा सफरचंदाचा केक होता. नवरी मात्र सुजलेल्या हिरड्या घेऊन कोपऱ्यात बसलेली आणि तिची आई सफरचंदाचा गर चमच्याने खरवडून तिला भरवतेय. मी तेव्हा लहान होते. नवरी म्हणजे असंच काहीतरी असतं, असं मला वाटलं होतं.

मी इमॉजीन, तिची नणंद. नणंदेने भावजयीचं कौतुक करायचं म्हणजे जग बुडायची वेळ आली म्हणा, पण करते. त्यात माझ्या भावाचं, होबार्टचं, काही कर्तृत्व नाही. तो बिचारा खाणीची धूळ छातीत भरून साठीच्या आत गेला. चाळीस वर्षं संसार केला, पण बायकोचं मोकळं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. ती कवळी घालूनच झोपायची. धुवायची असली की न्हाणीघराची कडी लावायची. दमडीचं प्लास्टिक ते, पण तिची सगळी अब्रू त्याच्यात होती.

तर ही डेल्फिया. ऑटर लिक खोऱ्यातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला. तिची लेक दुखण्यावरच्या गोळ्यांच्या नादी लागली आणि एक दिवस तान्ही मिस्टी आजीच्या ओट्यावर ठेवून निघून गेली ती गेलीच. डेल्फियाने डोळे पुसले आणि दुधाची बाटली धुवायला घेतली.

आता धुवायची कशाने? आमच्या विहिरीचं पाणी खाणवाल्यांनी वरचा डोंगर पोखरल्यापासून गंजासारखं तांबडं येतं. त्याला सडक्या अंड्यांचा वास. पांढरे कपडे धुवा, पिवळे होऊन निघतात. असलं पाणी तान्ह्या पोराला कोण पाजेल? दुकानात बाटलीबंद पाण्यापेक्षा गोड फसफसत्या सोड्याची, कोल्ड्रिंकची बाटली स्वस्त. तो सीलबंद, स्वच्छ, आणि पोर शांत राहतं. म्हणून आमच्याकडे सगळ्या आया-आज्या दूध संपलं की बाटलीत सोडा भरायच्या. चांगलं करतोय याच भावनेने हो! मिस्टी दोन वर्षांची झाली तोवर तिचे पुढचे दात काळे पडून झिजले होते. डेल्फिया म्हणाली, "आमच्या घराण्याचे दातच मऊ." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. घराण्याला बोल लावला की काम भागतं.

मिस्टी हसताना तोंडावर हात ठेवायला शिकली ती आजीचं बघून. शाळेतल्या बाईंना वाटायचं, काय वळण आहे पोरीला! वळण कसलं, जळ्ळं मेलं ते वळण.

शाळेत महिन्यातून एकदा रोंडा यायची. आमच्याच खोऱ्यातली पोर. शहरात जाऊन दात साफ करायचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली, आरोग्य खात्यात नोकरीला. येताना एक भलामोठा प्लास्टिकचा जबडा आणि हातभर लांबीचा ब्रश घेऊन यायची आणि त्या जबड्याचे दात घासून दाखवायची. पोरं खिदळायची. मिस्टी सहा-सात वर्षांची असताना रोंडाने खेळता खेळता तिच्या तोंडात डोकावलं आणि तशीच स्वयंपाकघरात आली. मी डेल्फियाला तिचा रिकामा डबा परत द्यायला गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर घडलं.

"डेल्फियाकाकू, मिस्टीच्या कायमच्या दाढा आल्यात. दुधाचे गेले ते गेले, पण ह्या जन्मभराच्या आहेत. एकीला खाच पडायला लागलीय. आत्ताच वरून लेप लावला तर दाढ वाचेल. पाच मिनिटांचं काम आहे, दुखतही नाही."

"आमच्या घराण्याचे दातच..."

"घराण्याचं काही नाही हो काकू. तो सोडा आहे आणि ते पाणी आहे."

डेल्फियाच्या हातातला डाव तसाच राहिला. तिचा चेहरा असा उतरला, की मला रोंडाच्या कानाखाली द्यावीशी वाटली. म्हणजे इतकी वर्षं स्वतःच्या हाताने पोरीला...! पण डेल्फिया रडत बसणाऱ्यातली नव्हे.

"मग लाव की लेप! थांबलीस कशाला? लेप नाहीये का?"

"लेप माझ्या गाडीत आहे."

"मग?"

"मला हात लावता येत नाही. कायदा आहे. आधी दाताच्या डॉक्टरने पोरीला स्वतः तपासायला हवं. त्याशिवाय मी लेप लावला तर माझा परवाना जाईल."

"आणि त्या प्लास्टिकच्या जबड्याला लावतेस तो हात?"

"त्याला चालतं," रोंडा म्हणाली आणि खाली बघायला लागली.

ऐकलंत? प्लास्टिकच्या जबड्याला हात लावायला सरकारची परवानगी आणि जित्याजागत्या पोरीला लावला तर गुन्हा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोंडावर नव्हे. ती तर बिचारी गाडीत औषध घेऊन हात बांधून बसलेली.

बरं, मग डॉक्टर शोधा. तालुक्याच्या गावात एक होता. मिस्टीचं गरिबांच्या फुकट उपचाराचं सरकारी कार्ड दाखवलं, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "आम्ही हे कार्ड घेत नाही." पुढच्या तालुक्यातला घ्यायचा, पण त्याने नवीन पेशंट बंद केलेले. शेवटी डोंगरापलीकडे शहरात एक सापडला, दोन तासांच्या वाटेवर. त्याने तारीख दिली ती पुढच्या वर्षीची. डेल्फियाने ती कॅलेंडरवर लिहिली आणि रोज सकाळी तिच्याकडे बघून कामाला जायला लागली.

ती तारीख आली. गाडी मी चालवत होते. घाटात दरड कोसळली होती. खाणवाल्यांचे ट्रक जाऊन जाऊन डोंगर असा खिळखिळा झालाय की पाऊस पडो न पडो, दगड येतच असतात. पोचायला अर्धा तास उशीर झाला. तिथली बाई, नखं रंगवलेली, वर न बघता म्हणाली, "तुमची वेळ गेली. नवीन तारीख घ्या. आणि पुन्हा उशीर झाला तर तुमचं नाव काढून टाकावं लागेल."

"अगं बाई, रस्त्यावर दरड पडलीय!"

"सगळेच काही ना काही सांगतात."

मी काउंटरवरून आत जाऊन तिची वेणी उपटणार होते. डेल्फियाने माझा दंड धरला. "जीन, गप. पोर बघतेय." मग त्या बाईला म्हणाली, "बाई, आम्ही बसतो इथे. कुणी आलं नाही तर आत घ्या." दवाखाना बंद होईपर्यंत आम्ही बसलो. मधे डॉक्टरची आतली तपासायची खुर्ची चांगला तासभर रिकामी होती, ती मी या डोळ्यांनी पाहिली. पण नियम म्हणजे नियम. मिस्टीने गाल दाबून धरला होता आणि ती भिंतीवरच्या चित्रातला हसरा दात बघत होती.

त्यानंतर मिस्टीला सफरचंद चावता येईना. डेल्फियाने चमचा घेतला आणि गर खरवडून द्यायला लागली. एक घास पोरीला, एक स्वतःला. साठीला टेकलेली आजी आणि सात-आठ वर्षांची नात, एकाच सफरचंदाचा खरवडलेला गर खातायत. मला ते लग्न आठवलं.

मिस्टीच्या आठव्या वाढदिवसाला मी विचारलं, "काय हवं गं तुला? सायकल मागतेस का?"

"आजीसारखे दात," ती म्हणाली.

"म्हणजे गं?"

"माझे सगळे काढून टाका. आजीचे कसे पांढरे आहेत! ते कधी दुखतही नाहीत." तिने आजीकडे पाहिलं. "तुला तुझ्या बाबांनी दिले होते ना? मला तू दे."

किती गोड बोलली हो! बाहुली मागावी तसं. डेल्फिया उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले तर ती सरपणाच्या ढिगापाशी उभी. कुऱ्हाड उचलली आणि एकामागून एक ओंडके फोडायला लागली. हिवाळ्याला पुरेल इतकं सरपण आधीच रचून ठेवलेलं होतं. दमल्यावर म्हणाली, "रोंडा म्हणत होती ना, तो कायदा बदलायची चर्चा आहे राजधानीत? लोकांना बोलायला देतात? मी जाणार. गाडी काढशील ना?"

"तू? तिथे? अगं, चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना तुझा आवाज फुटत नाही!"

"गाडी काढशील की नाही तेवढं सांग."

काढली. ती, मी आणि रोंडा. मोठं दालन, गुबगुबीत गालिचा, ओळीने बसलेले आमदार. समितीचे अध्यक्ष व्हिटकोम म्हणून होते. पांढरे केस, आणि दात तर विचारूच नका, एकेक मोती ओवल्यासारखा. आधी दाताच्या डॉक्टरांच्या संघटनेचा वकील उठला. सुटाबुटातला, आवाजात लोणी. म्हणाला, "गरिबांच्या मुलांनाही तोच हक्क आहे जो माझ्या मुलांना आहे. त्यांना पूर्ण शिकलेला डॉक्टरच मिळायला हवा. कमी शिकलेल्या मदतनीस बाईच्या हवाली आपण त्यांना करणार का? गरिबांसाठी दुय्यम दर्जाची सेवा आम्हाला मान्य नाही."

टाळ्या पडल्या की! सांगा आता, याला काय म्हणायचं? डॉक्टर द्यायचा नाही, जी आहे तिला हात लावू द्यायचा नाही, आणि वर म्हणायचं, आम्हाला तुमच्या पोरांचा कळवळा! ज्या पोरीला काहीच मिळत नाही तिचा दर्जा कितवा, हे त्या लोणी-आवाजाला कुणी विचारलं नाही.

मग डेल्फियाचं नाव पुकारलं. तिला तीन मिनिटं दिली होती. ती उभी राहिली आणि बोलली. दरड सांगितली, रिकामी खुर्ची सांगितली, दाढेची खाच सांगितली. म्हणाली, "साहेब, रोंडाच्या गाडीत औषध आहे आणि माझ्या नातीच्या तोंडात खाच आहे. मधे फक्त तुमचा कागद आहे."

व्हिटकोम साहेब मायेने हसले. "बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण मला एक सांगा, तान्ह्या मुलीला बाटलीतून सोडा पाजला कुणी?"

"मी," डेल्फिया म्हणाली. "आमच्या विहिरीचं पाणी..."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. आणि डेल्फियाचा हात आपोआप तोंडावर गेला. घंटी वाजली. वेळ संपली. समितीने ठरवलं, विषयाचा आणखी अभ्यास करू या.

परतीच्या वाटेवर घाट लागला. तेव्हा डेल्फिया म्हणाली, "जीन, मी तोंडावर हात का नेला गं? लाज त्यांना वाटायला हवी होती."

त्यांचा अभ्यास चालू होता तेव्हा दाढेचं कामही चालूच होतं. पुढच्या शरद ऋतूत एका सकाळी मिस्टी उठली ती एक डोळा बंद होऊनच. गाल तापलेल्या तव्यासारखा, मान वळेना. तालुक्याच्या दवाखान्याने तिला बघितलं आणि थेट हेलिकॉप्टर मागवलं. पू दाढेतून डोळ्याकडे आणि डोळ्यापासून मेंदूकडे निघाला होता. कितीतरी दिवस पोर नळ्या लावून पडली होती. आणि ऐका, त्या हेलिकॉप्टरला ते सरकारी कार्ड चाललं! कुणी विचारलं नाही, डॉक्टरने आधी तपासलंय का म्हणून. पाच मिनिटांच्या लेपाला नियम आडवे, आणि पोर मरायला टेकली की आकाशातून गाडी हजर. कपाळ माझं!

डेल्फिया खाटेपाशी खुर्ची ओढून बसली होती. मिस्टीचा हात हातात. एकदाच बोलली, "ही जगली तर मी त्या दालनात परत जाणार. हात खिशात घालून जाणार."

मिस्टी जगली. कायमची दाढ गेली, शेजारची गेली, पुढचे नवे आलेलेही काही काढावे लागले. नऊ वर्षं नुकतीच पूर्ण झालेली.

आणि डेल्फिया परत गेली. एकटी नाही. शाळाशाळांतल्या स्वयंपाकिणी गोळा केल्या तिने. कोणाचं पोर डाव्या बाजूने चावतं, कोणाचं पोर थंड दूध तसंच ठेवतं, हे त्यांना रोज दिसतंच. दोन हिवाळे त्या बायका राजधानीला जात राहिल्या, घरून पाव आणि स्वस्तातल्या बोलोनी सॉसेजचे तुकडे बांधून नेत राहिल्या आणि त्या गुबगुबीत गालिच्यावर बसून राहिल्या. शेवटी साहेबांच्या नाकी नऊ आले म्हणा, की निवडणूक जवळ आली म्हणा, कायदा बदलला. रोंडासारख्या बायकांनी शाळेत लेप लावायला आधी डॉक्टरची गरज नाही, असं ठरलं. ज्याला दोन वर्षं अभ्यासाची गरज होती, तेच आता एका दुपारी झालं. मग ही कल्पना कोणाची ठरली माहितीये? व्हिटकोम साहेबांची!

उद्घाटनाला ते स्वतः आमच्या शाळेत आले. बरोबर एक चुणचुणीत मदतनीस पोरगी आणि वर्तमानपत्राचा फोटोवाला. शाळेच्या हॉलमध्ये रोंडाने घडीची खुर्ची मांडली होती, दिवा लावला होता. पहिला नंबर तिने मिस्टीला दिला. आता अकरा वर्षांची, उरलेल्या दाढा राखायच्या होत्या. पोर खुर्चीत बसली, साहेब शेजारी उभे राहिले, फोटोवाला म्हणाला, "हं, हसा!"

मिस्टीने हसून तोंडावर हात ठेवला.

"हात खाली घे हं बाळ," फोटोवाला म्हणाला. तिने घेतला. पुढची फट दिसली. ती चुणचुणीत पोरगी लगबगीने पुढे आली, हळूच हेडमास्तरांना म्हणाली, "दुसरी एखादी मुलगी बसवू या का? ती तिथली पिवळ्या फ्रॉकमधली? हिलाच अवघडल्यासारखं होईल हो."

पिवळ्या फ्रॉकवाली हेडमास्तरांची भाची. तिचे दात शहरातला डॉक्टर वर्षातून दोनदा बघतो. मिस्टी गुपचूप उठायला लागली. हात परत तोंडावर.

डेल्फिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एप्रनमध्ये, घेवड्याची आमटी ढवळता ढवळता आलेली. ती हॉलच्या मधोमध चालत गेली. "बस खाली," मिस्टीला म्हणाली. मग तिने स्वतःच्या तोंडात हात घातला आणि कवळी काढली. वरची काढली, खालची काढली, एप्रनच्या खिशात टाकली. सगळ्या शाळेसमोर. तिचे गाल आत गेले, ओठ आत गेले, हनुवटी नाकाकडे आली. माझ्या भावाने चाळीस वर्षांत जे पाहिलं नव्हतं ते मी पाहिलं, आणि खरं सांगते, मला रडू कोसळलं. माझ्या भावजयीचं तोंड म्हणजे सतराव्या वर्षी केलेली जखम होती आणि ती आम्ही आहेर म्हणून मिरवली होती.

तिने मिस्टीचा हात तोंडावरून काढला, स्वतःच्या हातात धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसली.

"घ्या फोटो," ती म्हणाली. शब्द फुसफुसत निघाले, पण कळले सगळ्यांना. "साहेबांनी विचारलं होतं ना, सोडा कुणी पाजला म्हणून? मी पाजला. आता साहेबांनी सांगावं, लेप कुणी अडवला."

फोटोवाल्याने बटण दाबलं, का ते त्याचं त्याला ठाऊक. वर्तमानपत्रात तो फोटो आलाच नाही, नंतर काढलेला पिवळ्या फ्रॉकचा आला. पण त्या माणसाने एक प्रत डेल्फियाला पाठवून दिली, तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

मिस्टी मात्र कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. ती आजीच्या रिकाम्या तोंडाकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा. त्या पांढऱ्या, कधी न दुखणाऱ्या दातांच्या मागे काय आहे ते तिला कळलं असावं.

"आजी," ती म्हणाली, "माझे नको हं काढूस. मला माझेच राहू देत."

"राहतील," डेल्फिया म्हणाली. "जे उरलेत ते राहतील. रोंडा, ये गं इकडे, कोणाची वाट बघतेस?"

रोंडाने दिवा जवळ ओढला. मिस्टीने आ केला. आणि व्हिटकोम साहेब शेजारी अजून तसेच हसत उभे होते, सगळे मोती दाखवत. फोटो काढून झालाय, हे त्यांना सांगावंसं कोणालाच वाटलं नाही.